सासूबाईंच्या तोंडात तिसऱ्यांदा पांढरा थर. 'इम्युनिटी लो' म्हणजे नेमकं काय लो?

मास्तरीणबाई_मानेवाडा

नमस्कार मंडळी. औषध विचारायला आलेली नाही. आमचे डॉक्टर आहेत आणि चांगले आहेत. मला फक्त हे होतं कसं ते समजून घ्यायचंय, कारण घरात रोज एक नवा सिद्धांत ऐकून राहिले मी.

सासूबाई ७१ वर्षांच्या. दमा जुना, सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पफ. साखर बारा वर्षांपासून. वरची-खालची पूर्ण कवळी. एप्रिलमध्ये त्यांच्या जिभेवर आणि टाळूला सायीसारखा पांढरा थर आला. नागपूरचा एप्रिल, त्यामुळे 'उष्णता झाली' म्हणून आम्ही सोडून दिलं. सब्जा दिला, गुलकंद दिला. साखरेच्या पेशंटला गुलकंद! शहाणपण बघा. दोन आठवड्यांनी तर्री तर सोडाच, साधं वरणही झोंबायला लागलं तेव्हा दाखवलं. डॉक्टरांनी कापसाने थर पुसला, खाली लालभडक. कॅन्डिडा म्हणाले, म्हणजे बुरशी. क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट दिलं, दहा दिवसांत साफ. ऑगस्टमध्ये परत. आता डिसेंबरात परत.

या वेळी आमचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून दुसरीकडे नेलं. तिथे दोन मिनिटांत "आजींची इम्युनिटी लो आहे" असं ऐकवून सोळाशे रुपयांचा पावडरीचा डबा हातात दिला. मीही मुकाट्याने घेतला.

मी नववीला विज्ञान शिकवते, म्हणून हे वाक्य पचत नाही. इम्युनिटी लो असेल तर सर्दी-ताप आम्हा सगळ्यांना होऊन त्या मात्र ठणठणीत कशा? आणि ही बुरशी तोंडातच का बसते, अंगभर का पसरत नाही? दुसरं असं की २०२१ च्या मे महिन्यात यांच्या काकांना म्युकर, ती 'काळी बुरशी', झालं होतं, डावा डोळा काढावा लागला. त्यांनाही साखर होती, त्यांनाही स्टेरॉइड दिलं होतं. तेव्हापासून तोंडात पांढरं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. हे दोन्ही एकच आहे का?

स्लाईडवाले_काका

ताई, आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मायक्रोबायोलॉजीत टेक्निशियन म्हणून ३३ वर्षं काढली, त्यातली शेवटची १९ बुरशीच्या टेबलावर. गोळ्या-औषधांचं मला विचारू नका. पण कॅन्डिडा काय करते हे मी रोज डोळ्यांनी पाहिलंय, तेवढं सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, कॅन्डिडा बाहेरून आलेली नाही. निरोगी माणसांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडात, आतड्यात ती मुक्कामालाच असते. माझ्याही असेल, तुमच्याही. त्यामुळे 'संसर्ग कुठून झाला' हा प्रश्नच बाद. प्रश्न हा, की आजवर गुपचूप राहणारी भाडेकरीण अचानक भिंती का फोडायला लागली?

आमच्याकडे एक परीक्षा असायची, जर्म ट्यूब टेस्ट. बुरशीच्या कॉलनीला तारेचं टोक नुसतं टेकवायचं, अर्धा मिलिलिटर मानवी सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी) कालवायचं, ३७ अंशांवर ठेवायचं. मी साडेनऊला लावायचो आणि बारा वाजता एक थेंब काचेवर घेऊन पाहायचो. ठेवताना सगळे गोल दाणे. अडीच तासांनी त्याच दाण्यांना शेपटी फुटलेली. हुबेहूब मोड आलेली मटकी! शेपटी जिथून निघते तिथे आवळलेली नसेल, सरळ नळीसारखी असेल, तर लिहायचं 'कॅन्डिडा अल्बिकन्स'. (तिची एक जुळी बहीण आहे, तीही असेच मोड काढते, पण तो पसारा इथे नको.) तीन तासांच्या वर ठेवलं की दुसऱ्या जातीही खोटे तंतू काढून फसवतात, म्हणून नवीन पोरं चहाला गेली की मी घड्याळ बघत बसायचो.

हे पुराण यासाठी, की सगळा खेळ या मोडाचा आहे. दाणा म्हणजे शांत भाडेकरू. मोड फुटला की तो तंतू लांबतो आणि तोंडाच्या ओल्या अस्तराच्या पेशींत घुसायला बघतो. आपलं अस्तर दाण्याकडे फारसं लक्ष देत नाही. दिलं असतं तर आयुष्यभर तोंड सुजलेलंच राहिलं असतं. ते जागं होतं मोडाला. कसं, ते कळलं २०१६ मध्ये. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या आणि जर्मनीत येना इथल्या संशोधकांनी दाखवलं, की तंतू एक छोटं विष सोडतो, कॅन्डिडालायसिन, अवघ्या ३१ अमिनो आम्लांचं. तंतू पेशीत घुसताना जे बीळ तयार होतं त्यात ते साचतं आणि पेशीच्या पापुद्र्याला भोकं पाडतं. माणसाला रोगी करणाऱ्या बुरशीत असं प्रथिनाचं विष तोवर कुणाला सापडलंच नव्हतं. आणि गंमत ही, की तेच विष चोराची चाहूलही देतं. भोक पडलं की अस्तराची पेशी बोंब मारते, इंटरल्युकिन-१ वगैरे निरोप सुटतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, धावत येतात.

त्याच वेळी अस्तराखालच्या पहारेकरी पेशी बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकान चाचपतात. त्यासाठी त्यांच्याकडे डेक्टिन-१ नावाचा हात आहे. त्या पुढे निरोप देतात इंटरल्युकिन-२३ चा, आणि टी पेशींची एक खास जात इंटरल्युकिन-१७ सोडते. यापुढचं नीट वाचा. हे १७ नंबरचं रसायन स्वतः बुरशीला मारत नाही. ते परत अस्तराकडे जातं आणि म्हणतं, उठा, तुमचं घर तुम्हीच राखा. मग अस्तर डिफेन्सिन सोडतं, ती बुरशीला भोकं पाडतात. कॅल्प्रोटेक्टिन सोडतं, ते जस्त आणि मँगनीज धरून ठेवतं, म्हणजे बुरशीच्या ताटातलं मीठच काढून घेतल्यासारखं. वरून लाळेत हिस्टॅटिन असतात, तीही मारक. न्यूट्रोफिलना आणखी बोलावणं जातं. बुरशी पूर्ण मरत नाही, मरावी असा आग्रहही नसतो. मोड मोडला की पुरे.

आता तुमचा खरा प्रश्न, तोंडातच का. याचं उत्तर मला दोन वॉर्डांनी दिलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एचआयव्हीचे पेशंट यायचे. मोफत एआरटी (एचआयव्हीची औषधं) आपल्याकडे २००४ मध्ये सुरू झाली, ही त्याच्या आधीची गोष्ट. तोंड घशापर्यंत पांढरं, पाण्याचा घोटही उतरत नाही. त्यांच्या ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या) बाटल्या मी रोज हलवून बघायचो, कॅन्डिडा दिसेल म्हणून. जवळजवळ कधीच दिसली नाही. आणि दुसऱ्या मजल्यावर ल्युकेमियाची पोरं. केमोने न्यूट्रोफिल शून्यावर आलेले. त्यांच्या रक्तात मात्र कॅन्डिडा वाढायची, आणि ती बाटली गढूळ दिसली की फोन करायला माझा हात धजायचा नाही.

म्हणजे तोंडाचा चौकीदार वेगळा, रक्ताचा वेगळा. एचआयव्हीत सीडी-४ टी पेशी जातात, १७ नंबरचा निरोप थांबतो, तोंड उघडं पडतं. पण न्यूट्रोफिल शाबूत असतात, म्हणून रक्त राखलं जातं. केमोत न्यूट्रोफिलच जातात आणि दरवाजा थेट रक्ताचा उघडतो. १९८१ साली एड्सचा पहिला अहवाल आला तो लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांचा, त्या पाचही जणांच्या अस्तरावर कॅन्डिडा होती. सगळ्यांचं लक्ष न्यूमोनियाकडे होतं, पण खूण तोंडातही होती. आणि १७ नंबर सोडणाऱ्या टी पेशी वेगळी जात म्हणून ओळखल्या गेल्या २००५ मध्ये. म्हणजे मी वॉर्डात जे बघत होतो त्याला तेव्हा धड नावही नव्हतं!

शिक्कामोर्तब झालं २०११ मध्ये. काही लोकांना लहानपणापासून तोंडात, नखांत, कातडीवर कॅन्डिडा होतच राहते. पॅरिसच्या एका गटाने अशा घराण्यांची जनुकं तपासली. मोरोक्कोच्या एका कुटुंबातल्या मुलाकडे इंटरल्युकिन-१७ चा निरोप घेणारा रिसेप्टरच नव्हता, तर अर्जेंटिनाच्या एका कुटुंबात निरोपातच खोट होती. एवढी एकच कडी तुटलेली, तरी त्यांच्या रक्तात बुरशी उतरलेली नव्हती.

तेव्हा 'इम्युनिटी लो' हे म्हणजे 'शहरात पोलीस कमी' म्हटल्यासारखं झालं. कोणत्या चौकीत, ते सांगा की! सासूबाईंना सर्दी होत नाही, कारण ती चौकी भरलेली आहे. रिकामी आहे ती टाळूची. स्टेरॉइडच्या पफचा बराच भाग छातीत न जाता जिभेवर आणि घशात बसतो आणि बोंब मारणाऱ्या पेशींचंच तोंड दाबतो. कवळीखाली टाळूला लाळ लागत नाही, म्हणजे हिस्टॅटिन पोचत नाहीत. कवळीच्या प्लास्टिकवर बुरशीचा चिकट थर बसतो, औषध तिथवर जात नाही. वाढलेल्या साखरेने लाळेत ग्लुकोज येतं आणि न्यूट्रोफिलही सुस्तावतात. चार छोट्या गोष्टी, सगळ्या तोंडातल्या. पावडर त्यांतल्या कोणत्या चौकीवर हजर होणार ते डब्यावर लिहिलंय का बघा.

म्युकरचं. नाही ताई, ते एक नाही. २०२१ च्या मेमध्ये मी रिटायरमेंटला सहा महिने उरलेला माणूस, आणि नाकातले नमुने ट्रे भरभरून यायचे. काचेवर तुकडा ठेवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, मांस विरघळलं की बुरशी उरते. कॅन्डिडाचे दाणे तिथे नसायचेच. म्युकरचे तंतू रुंद, रिबिनीसारखे, आडवे पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या काटकोनात. एकदा पाहिलं की विसरत नाही. आणि 'काळी बुरशी' हे नावही चुकीचं, तंतू बिनरंगाचे असतात. ते रक्तवाहिनीत शिरतात, रक्त तुटतं, मांस मरतं. काळं दिसतं ते मेलेलं मांस.

कॅन्डिडा घरातली, म्युकर धुळीतलं, मातीतलं. त्याचे बीजाणू आपण रोज नाकात ओढतो आणि नाकातल्या-फुप्फुसातल्या भक्षक पेशी ते निमूट गिळून टाकतात. तिथे १७ नंबरची कहाणी मुख्य नाही, मुख्य आहेत न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज, म्हणजे याच भक्षक पेशी. त्या वर्षी कोविडने अस्तर दुखावलेलं, स्टेरॉइडने या पेशी गुंगवलेल्या आणि साखर आभाळाला टेकलेली. साखरेने रक्त आम्लाकडे झुकलं की प्रथिनांनी बांधून ठेवलेलं लोह सुटतं आणि म्युकरला लोह म्हणजे मेजवानी. शिवाय अशा वेळी नाकाच्या अस्तरावर जीआरपी-७८ नावाचं प्रथिन वाढतं, बुरशी नेमकी त्याच कडीला धरून आत शिरते. काकांचं ऐकून वाईट वाटलं. त्या दिवसांत ॲम्फोटेरिसिनसाठी, म्हणजे म्युकरवरच्या इंजेक्शनसाठी, लोक रात्रभर फोन लावत बसायचे. मेच्या अखेरीस वर्ध्यात ते इंजेक्शन बनायला लागलं तेव्हा आमच्या लॅबमध्येसुद्धा हायसं वाटलं होतं.

पांढरा, पुसला जाणारा, जिभेवरचा थर हा म्युकर नव्हे. म्युकरची चाल वेगळी: एका बाजूचा गाल सुजणं, नाकातून काळसर स्राव, डोळा दुखणं, दोन-दोन दिसणं. तसं काही दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही.

खाज_आणि_मी

काकांचं १७ नंबरचं वाचून राहवलं नाही. मी त्याचा जिवंत पुरावा आहे, उलट्या बाजूने.

मला सोरायसिस. कोपर, गुडघे, डोक्यात खवले. बँकेत काउंटरवर बसतो, लोक पासबुक घेताना बोटं आखडून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी सेक्युकिनुमॅब सुरू केलं. हे औषध म्हणजे इंटरल्युकिन-१७ ए ला पकडणारं प्रतिपिंड. पहिले पाच आठवडे दर आठवड्याला, मग महिन्याला. फ्रिजमध्ये संत्रा बर्फीच्या डब्यामागे माझी इंजेक्शनं. सुरुवातीलाच त्वचारोगवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "जिभेवर पांढरं आलं तर कळवा." मी मनात म्हटलं, कोपराच्या औषधाचा जिभेशी काय संबंध?

तिसऱ्या महिन्यात कोपर बाळासारखं झालं आणि जिभेवर दही सांडल्यासारखा थर. मॅडम हसल्या. त्वचेवर जो निरोप्या आग लावत होता तोच तोंडात पहारा देत होता, त्याला दोन्हीकडून उचललं. सगळ्यांना होतं असं नाही, थोड्यांना होतं, पण या गटाच्या औषधांत ते ठरलेलं आहे. १७ ए आणि १७ एफ दोन्ही अडवणारं बिमेकिझुमॅब म्हणून औषध आहे, त्यात तोंडाची कॅन्डिडा बरीच जास्त दिसते. मला फ्लुकोनॅझोलच्या, म्हणजे बुरशीवरच्या, गोळ्या दिल्या, इंजेक्शन चालूच ठेवलं. एकदाच झालं, नंतर नाही. रक्तात वगैरे काही गेलं नाही, काका म्हणतात तसंच.

आणि हो, आमच्या सोसायटीत एक जण मला इम्युनिटी वाढवायला काढा देत होते. भाऊ, मी महिन्याला एवढे पैसे मोजून तीच कमी करून राहिलो!

नाव_नको

विषय जवळचाच म्हणून इथेच विचारते. तोंडात नाही, खालच्या जागी. वय ४६, या वर्षात पाचव्यांदा. आग, खाज, दह्यासारखं पांढरं. एचआयव्ही तपासून घेतली, नाही. काकांच्या हिशोबाने माझी १७ नंबरची चौकी रिकामी आहे का? घरी जाऊबाई 'स्वच्छता ठेव' म्हणतात. दिवसातून तीनदा साबणाने धुते मी, आणखी काय ठेवू?

स्लाईडवाले_काका

ताई, टेबलावर सगळ्या जागचे स्वॅब सारखेच असतात, तेव्हा संकोच नको.

तोंडाचा हिशोब तिथे लागत नाही. एचआयव्हीत तोंडाची कॅन्डिडा उसळते तशी योनिमार्गाची उसळत नाही. तिथलं गणित उलटंच आहे, आणि मलाही ते पटायला वेळ लागला. अमेरिकेत २००४ साली काही निरोगी स्त्रियांच्या संमतीने त्यांच्या योनिमार्गात मुद्दाम जिवंत कॅन्डिडा सोडून पाहिली. बहुतेकींना काही झालं नाही, बुरशी राहिली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. थोड्या जणींना आग-खाज झाली. फरक काय होता? ज्यांना त्रास झाला त्यांच्या स्वॅबमध्ये न्यूट्रोफिलची गर्दी, ज्या वाचल्या त्यांच्यात ती नाही. म्हणजे तिथे त्रास देते ती आलेली फौज. उंदरांवरच्या कामात असंही दिसलं, की तिथे आलेले न्यूट्रोफिल बुरशीला नीट मारतही नाहीत, नुसता धिंगाणा घालतात. तेव्हा तुमची चौकी रिकामी नाही, उलट जरा जास्तच तापट आहे. 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला तुमच्यासाठी तर फारच उफराटा.

दोन गोष्टी डॉक्टरांशी बोला. एक, तुम्हाला साखर आहे का आणि 'फ्लोझिन'ने संपणाऱ्या नावाची गोळी चालू आहे का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. ती जादा साखर लघवीतून बाहेर काढते. हृदयाला, किडनीला चांगली गोळी, पण त्या जागी साखर येते आणि बुरशीचं फावतं. मनाने बंद करू नका, पण सांगा. दोन, साबण. बाहेरून साधं पाणी पुरे. आतल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी ती जागा आंबट आणि व्यापलेली ठेवलेली असते. साबणाने धुऊन-धुऊन किंवा वरचेवर अँटिबायोटिक घेऊन त्यांनाच हाकललं तर बुरशीला मोकळं रान. शिवाय एकदा कल्चर करून घ्या. पाच वेळा अंदाजाने औषध झालं असेल तर ती अल्बिकन्स नसून दुसरी जात असू शकते, आणि काहींवर फ्लुकोनॅझोल नीट चालत नाही.

नाव_नको

साखर आहे. गोळी फेब्रुवारीत बदलली. तीच. त्याआधी वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. कुणी विचारलंच नव्हतं, मीही जोडून पाहिलं नाही. धन्यवाद काका.

दातकोरी

मी डेंटलला इंटर्न आहे, नागपुरातच. दोन शब्द माझेही, कारण पांढरं म्हणजे कॅन्डिडाच असं धरून बसलेले लोक रोज बघते.

कॅन्डिडाचा थर गॉजने पुसला जातो, खाली लाल. पुसूनही जागचा हलला नाही तर तो डाग तपासून घ्यायचाच, आणि आपल्या शहरात जास्तच, कारण खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घासतात त्याचा आवाज चौकाचौकात येतो. परवा एक ऑटोवाले दादा आले, वय ३४, गालात पांढरा चट्टा. दोन महिने कुणाच्या तरी सांगण्यावरून माउथ पेंट लावून राहिले होते. गॉजने पुसला, जागचा हलला नाही. तोंड किती उघडतं ते कळायला तीन बोटं उभी जातात का बघितलं, जेमतेम दीड गेलं. ती बुरशी नव्हती, बायोप्सीला पाठवलं. आणखी एक गुंता असा, की कॅन्डिडा अशा चट्ट्यावरही येऊन बसते, मग बुरशीच्या औषधाने थोडं बरं वाटतं आणि माणूस गाफील राहतो.

मास्तरीणबाई, तुमच्या सासूबाईंसाठी एकच प्रश्न. कवळी रात्री काढतात का? कवळीखालचा टाळू उजेडात बघा. बरेचदा तिथे पांढरं काहीच नसतं, नुसता लाल, आणि लालीची कड बरोबर कवळीच्या कडेइतकी. छापा मारल्यासारखी.

मास्तरीणबाई_मानेवाडा

तीन दिवसांनी लिहितेय, कारण तपास चालू होता.

कवळी सहा वर्षांची. रात्री एकदाही निघालेली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "कवळी काहाडली का मी बुढी दिसतो वं." बाबा जाऊन चार वर्षं झाली, खोलीत एकट्याच झोपतात, तरी. मोबाईलचा टॉर्च लावून टाळू बघितला. दातकोरी, तू म्हणालीस तसाच छापा. पेन्सिलने गिरवल्यासारखी कड.

पफचं पुढचं ऐका. खुळखुळून चूळ भरा असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्या पफ घेतात आणि वरून गरम चहा पितात, 'धुऊन निघते' म्हणून. म्हणजे जे थुंकायचं तेच गिळून टाकतात, आणि चहात दोन चमचे साखर, जी आमच्यापासून लपवलेली. स्पेसर (पफला लावायची नळी) माळ्यावर सापडला, अजून पिशवीतच होता. तो लावला की औषध तोंडात कमी बसतं हे मला माहीत होतं, पण तो घरात आहे हेच माहीत नव्हतं.

सोळाशेच्या डब्यावरचा मजकूर वाचला. पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन, दुसरा साखर. गुलकंदानंतर हे. डबा परत घ्यायला तयार नाहीत, झाकण उघडलं म्हणून.

आमचे डॉक्टर परत आलेत. माउथ पेंटबरोबर कवळीही साफ करायला सांगितली, नवीन कवळीसाठी माप घ्यायला पाठवणार आहेत, आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करायला दिलं. नववीच्या वर्गात परवा मोड आलेली मटकी घेऊन गेले होते. काका, तुमचं नाव न सांगता तुमची जर्म ट्यूब शिकवून आले. एका पोराने विचारलं, "मॅडम, मग बुरशीची उसळ करता येते का?" अर्धा तास गेला त्यात.

आता रोज रात्री स्टीलच्या वाटीत पाणी घालून कवळी त्यात. पहिल्याच सकाळी यांनी तीच वाटी दह्याला घेतली, तेव्हापासून वाटीला बाहेरून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. सासूबाई दार लावून मगच कवळी काढतात.

स्लाईडवाले_काका

ताई, कवळी पाण्यात पूर्ण बुडाली पाहिजे, वाळली की वाकडी होते. आणि पाणी रोज बदला. नव्या कवळीपर्यंत टाळूची लाली कमी होते का ते त्याच टॉर्चने आठवड्याला बघत जा, आणि कड पुसट झाली की इथे लिहा. दार लावू द्या त्यांना.